कासवाला आणलेली जोडी

दोन नर कासवं एकमेकांवर आदळतात तेव्हा दगडावर दगड आपटल्यासारखा आवाज होतो. पिंपरी पेंढारच्या आमच्या घरात तो एका रविवारी सकाळी सुरू झाला आणि ओट्यावर चहा पीत बसलेली माणसं कप हातात घेऊनच आत आली.

कासव माझ्या धाकट्या बहिणीचं. ती जुन्नरला एका दवाखान्यात परिचारिका आहे. लग्न मोडून परत आली तेव्हा दोन बॅगा आणि खोक्यात हे कासव, एवढंच तिचं सामान होतं. जात परदेशी, दमट जंगलातली. पाठ काळी, पायांवर लाल खवले. मागच्या खोलीत तिने त्याच्यासाठी प्लायवूडची लांबरुंद पेटी करून घेतली. तळाला नर्सरीतून आणलेला नारळाचा भुसा, एका टोकाला कोंबडीच्या पिल्लांना ऊब देतात तसला बल्ब, दुसऱ्या टोकाला लपायला उपडं अर्धं मडकं. आमच्याकडची हिवाळ्यातली कोरडी थंडी त्याला मानवत नाही, म्हणून कामावर जाण्याआधी ती भुशावर पाणी फवारायची. खायला शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं, पपई. कवच टणक राहावं म्हणून कुरतडायला समुद्रफेसाचा तुकडा. टोमॅटोच्या बांधावरचं गवत मात्र कधीच नाही, कारण त्यावर औषध उडालेलं असतं.

आमचे चुलते, तात्या, शर्यतीचे बैल पाळतात. बैलगाड्याच्या माणसाला एकटं जनावर बघवत नाही. दावणीला दोन, जुवाला दोन, ही त्यांची नजर. पेटीवर वाकून ते म्हणायचे, "बये, झुरतंय हे. जोडी लाव याला."

"तात्या, ते बैल न्हाई. ही जात एकटीच राहते."

"एकट्यानं बरं वाटत न्हाई कुनाला."

यावर ती खोलीतून निघून जायची.

त्या रविवारी ती कामावर गेली आणि तात्या पोत्यात दुसरं कासव घेऊन आले. मंचरच्या पाहुण्यांकडचं, याच जातीचं, पण दीडपट मोठं. मी विचारलं, नर की मादी?

"जोडी हाय म्हनतो ना," तात्या म्हणाले. "बैलाच्या जोडीत कुठं मादी लागती, राव?"

सगळे हसले. तात्यांनी कासव पेटीत सोडलं.

मोठ्याने आधी मान लांब करून झटके दिले, मग मागे सरून धडक मारली. लहान कासव सरकत कोपऱ्यात गेलं. पुढे भिंत होती. रानात हरलेलं कासव पळून जातं. पेटीत पळायला जागा नसते. पुन्हा धडक, मग पुन्हा. कोणीतरी शर्यतीतल्यासारखं "भिर्रर्र!" ओरडलं. एकाने मोबाईल काढला.

मी मध्ये फळी घालायला गेलो. तात्यांनी मनगट धरलं. "थांब जरा. थोरला कोन ते एकदा ठरलं की गुमान चरत्यात. बैलाचं असंच असतंय."

मोठ्याने कवचाची पुढची कड लहानाच्या पोटाखाली घातली आणि त्याला उलथून टाकलं. ते बल्बखाली उताणं पडलं. चारही पाय हवेत. मोठं थांबलं नाही. त्याने मागच्या पायाचा वरचा भाग तोंडात धरला आणि मागे ओढला. कातडी फाटली. भुशात रक्त मुरलं, तरी ते ओढतच राहिलं. मी मनगट सोडवून घेतलं आणि मोठ्याला उचलून बादलीत टाकलं. तिथेही ते पत्र्याला धडका मारत होतं.

मी बहिणीला फोन केला. ती गणवेशातच स्कूटरवरून आली. तिने पेटीत पाहिलं, पेटीला टेकलेली फळी उचलली आणि तात्यांच्या खांद्यावर मारली. दुसरा फटका कानाला घासून गेला.

"मार," तात्या म्हणाले. "आनखी मार."

तिने तिसरा मारला. मग बादलीवर फळी उगारली. आतून धडका चालूच होत्या. फळी काही वेळ वरच राहिली आणि शेवटी तिने ती भिंतीवर भिरकावली. बल्ब फुटला. ओट्यावरची माणसं निघून गेली होती.

गुरांच्या डॉक्टरांनी पाय शिवला. फाटलेल्या जागेतून हाड दिसत होतं. "ओल्या भुशात ठेवू नका," ते म्हणाले. "माशी बसली तर अळ्या पडतील. स्वतःहून खाल्लं तर जगेल."

तिने रजा टाकली. कोरड्या सुती कापडावर कासव, वर मच्छरदाणीचा तुकडा, दिवसातून दोनदा कोमट पाण्यात बसवणं, जखमेवर आयोडीन. कासव डोकं आत ओढून पडून राही. पपई काळी पडे, ती टाकून बहीण नवीन चिरत असे. मोठं कासव तात्यांनी आपल्या घरी नेलं होतं. स्वतः मात्र ते रोज येत आणि दारात उभे राहत. कान सुजलेला. ती त्यांच्याशी बोलत नसे, पण जा असंही म्हणत नसे.

एका दुपारी ती पपईची फोड कासवाच्या तोंडाशी धरून बसली होती. डोकं बाहेर आलं. जबडा उघडला आणि मिटला, तो फोडीवर आणि तिच्या बोटावर एकदमच. पपईचा रस आणि रक्त मिसळून कापडावर पडलं.

"दादा!" ती ओरडली. "चावलं! चावलं रे!"

तात्या दारातून म्हणाले, "लई जोरात?"

"हाडापर्यंत," ती म्हणाली. बोट सोडवून घ्यायची तिने घाई केली नाही.