कौसाच्या दुकानाची सकाळ

कौसा गेली तवा तिथं मी व्हते, तिची सून सुरेखा व्हती, शेजारची बानूबी व्हती आन् रिक्षा घेऊन आलेला बानूबीचा भाऊ हमीद व्हता. बास. मोंढ्यातलं, म्हंजे हळदीच्या बाजारातलं, एक बी मानूस नव्हतं. हे पहिलेच सांगून ठेवते, कारन आता जो तो म्हनून राहिला की आमी शेवटपर्यंत तिच्यासंग व्हतो. व्यापाऱ्यायच्या अध्यक्ष शेठनं तर चौकात तिच्या फोटूचा बोर्ड लावला, ‘मोंढ्याची माउली’. जाता-येता बघते मी तो. मेलेलीबद्दल माह्याकडं वाईट काई न्हाई. जित्या मानसायबद्दल हाय, ते लिहिते.

आमी दोघी नरसीकडच्या. एकाच सालात दोघींचे मालक गेले आन् पोटासाठी हिंगोलीत आलो. मोंढ्यात लिंबाखाली बसून फाटकी पोती शिवायचो. बोटं सुजायची, रातच्याला भाकर थापता येत नव्हती... पन शिवलो. पुढं कौसानं गाळा घेतला, बारदान्याचं, म्हंजे रिकाम्या पोत्यायचं दुकान टाकलं. शेठलोकायला तिची पोती पाहिजे व्हती, तिचं तोंड नको व्हतं. सकाळची भवानी, म्हंजे दिवसाची पहिली विक्री, तवा विधवा बाई समोर नको असं त्यायचं. आमी त्यायच्या दुकानापुढून गेलो तरी गल्ल्यावरचा मानूस मान फिरवायचा. “बाई, दुपारी येत जा,” म्हनायचे, लई गोड आवाजात. तर आमी शटर वर करायचो तेच बाराला. कौसा म्हनायची, “पोती बी मीच शिवते ना चंदा? त्यात हळद भरताना काहून काई होत न्हाई यायला?”

एका साली हळद लई आली. आता बोर्ड लावला त्याच शेठनं घेतलेला माल उघड्यावर पडला व्हता, आन् सकाळीच आभाळ भरून आलं. पोती संपली. शेठ सोता पळत आला, पायात चप्पल न्हाई.

“कौसाबाई, पोती काढा लवकर.”

कौसा बंद दुकानाच्या पायरीवर चहा पिऊन राहिली व्हती. “वाजले किती शेठ?”

“आठ. काहून?”

“मंग तुमची भवानी बिघडंल. दुपारी येत जा.”

“मस्करी करू नका बाई, माल भिजंल माहा.”

“मस्करी कशाची? तुमीच शिकिवलं, मी बराबर ध्यानात ठेवलं.”

तिनं चहा फुकून फुकून पिला. पाऊस आला. शेठचा माल आमच्या डोळ्यादेखत भिजला. बाराला तिनं शटर वर केलं आन् पोती दिली, नेहमीच्याच भावानं. त्या दिवशी आमी दोघींनी भजे आनून खाल्ले. पाप वाटलं का म्हनान तर न्हाई. अजून बी न्हाई वाटत.

त्या दिवसापासून कौसा आठलाच दुकान उघडाय लागली. शेठची पोती बी सकाळीच जायची, पन मागच्या दारानं, हमालाच्या डोक्यावर. पुढच्या दारानं दुपारपर्यंत कोनी यायचं न्हाई. तरी ती बसायची, रोज... रस्त्याकडं तोंड करून.

हळदीनं गाव मोठं झालं. बाहेरचे व्यापारी आले, बँका आल्या, शेठचं दुकान तीन मजली झालं. ती सगळी हळद कौसाच्या पोत्यायत बसून गेली. शोकसभेत शेठ काय म्हनला? “कौसाबाईला आमी व्यापाऱ्यायनी उभं केलं.” लोकायनी टाळ्या वाजिवल्या. मी मागं सतरंजीवर व्हते. मला माइक कोन देतो.

कौसाचं पोरगं तिच्या आधीच गेलं. म्हंजे सुरेखा बी आमच्यातलीच. शेठ घरी येऊन तिला म्हनला, “पोरी, दुकान परत उघडायचं तर माह्या सुनेच्या हातानं उघडू. सवाशीन हाय ती. तू दुपारून येऊन बसत जा.”

सुरेखा खाली बघत व्हती. मला वाटलं, व्हय म्हनती आता. ती म्हनली, “शेठजी, आत्याबाईचा पोती शिवायचा दाभन दाराच्या चौकटीत खोचलेला हाय, तो काढूनच दुकान सुरू व्हतं. त्याला माहा हात लागंल, दुसऱ्याचा न्हाई.”

“मंग गिऱ्हाईक येतं का बघ,” म्हनून शेठ उठला. चहा तसाच ठेवला. आता दुकानादुकानात सांगत फिरून राहिला, की त्या पोरीकडून सकाळी कोनी माल घेऊ नका, मागच्या दारानं बी न्हाई. गाळ्याचं भाडं हाय, घरात दोन लेकरं हायेत. सकाळचं गिऱ्हाईक तुटलं तर ती किती दिवस टिकंल? शेठला ते ठावं हाय. मला बी ठावं हाय. मी त्याला माफ केलं न्हाई आन् करनार बी न्हाई, त्याच्या बोर्डाला हार घालायला तर मुळीच जानार न्हाई.

आज रविवार. उद्या सकाळी आठला सुरेखा शटर उघडनार हाय. हे वाचनारानं एवढंच करावं, मोंढ्यात यावं. शेठच्या दुकानापुढून चालत या, त्याला दिसू द्या. पुढच्या दारानं आत या. पोतं नको असलं तर सुतळीचा गुंडा घ्या. पन दुपारी येऊ नका.