केरबा मिस्त्रीची चेनपुली

"फिटरसाहेब, बिघाड हिच्यात हाय का माझ्या हातात, तेवढं बघून सांगा," असं म्हणून केरबा मिस्त्रीनं पोतं माझ्या टेबलावर ठेवलं. आत त्याच्या बापाची चेनपुली होती.

मी तेव्हा परभणीत एका वर्कशॉपमध्ये फिटर होतो. आयटीआय करून चारच वर्षं झालेली, पण आपल्याला सगळं येतं अशी समजूत. केरबा वालूरचा. विहिरीतली इंजिनं वर काढायची आणि खाली सोडायची, हा त्याचा धंदा. बहात्तरच्या दुष्काळात पाणी खोल गेलं, तशी लोकांनी डिझेल इंजिनंही विहिरीत खाली कपारीवर नेऊन बसवली. मृगाच्या आत ती वर काढावी लागत, नाहीतर बुडायची. काठावर लाकडांची तिवई उभारायची, तिला चेनपुली टांगायची आणि एकानं साखळी ओढायची. दुसरा खाली कपारीवर उभा, इंजिन दगडावर आपटू नये म्हणून. वर केरबा, खाली त्याचा मेहुणा दगडू. बारा वर्षं हीच जोडी होती.

आठ दिवसांपूर्वी इंजिन अर्ध्यावर असताना हातभर खाली सटकलं. दगडू कपारीला पाठ लावून उभा होता म्हणून वाचला. तो वर आला, कपडे झटकले आणि तडक घरी गेला. संध्याकाळी बहिणीजवळ, म्हणजे केरबाच्या बायकोजवळ, निरोप ठेवला, 'दाजीचा हात थकला. मी आता उतरनार न्हाई.'

दुसऱ्या दिवशी गावभर तेच. केरबा पंचावन्नचा होता. त्याला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

आमच्या शेठनी पोत्यात डोकावून पाहिलं आणि ते मला म्हणाले, "वाघमारे, निजामाच्या काळातली दिसतीय. भंगारात घाला म्हणावं."

"बापाची हाय, शेठ," केरबा म्हणाला.

"मग देव्हाऱ्यात ठेवा."

मला शेठचा राग आला. काम हातात घेतलं त्यात निम्मा वाटा त्या रागाचा होता.

चेनपुलीत काय असतं ते सांगतो. एक माणूस तीन-साडेतीन क्विंटल उचलतो, ही तिची अर्धी करामत. उरलेली अर्धी म्हणजे साखळी हातातून सोडली तरी ओझं जागचं हलत नाही. आत एक दातेरी चाक असतं आणि त्यात अडकणारी खिट्टी. चाकाच्या दोन्ही बाजूंना चामड्याच्या चकत्या. ओझं जितकं जड, तितक्या त्या जास्त आवळतात. हाच तिचा ब्रेक.

मी कव्हर काढलं. खिट्टीची स्प्रिंग ढिली झाली होती. "सापडलं," म्हणालो. नवी स्प्रिंग बसवली, पुली छताच्या गर्डरला टांगली आणि एका ट्रकचं जुनं इंजिन जमिनीपासून दोन फूट उचलून ठेवलं. केरबा समोर स्टुलावर बसला, मांडीवर हात ठेवून. चहा आला. चहा अर्धा झाला नसेल, तोच इंजिन चार बोटं खाली उतरलं.

मी खजील झालो. केरबा मात्र उठून उभा राहिला.

"फिटरसाहेब, मी साखळीला हात लावला न्हाई. बघितलं ना तुमी?"

"बघितलं."

"मंग माझा हात नीट हाय." त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवले नाहीत.

मी पुली उतरवली आणि या वेळी पार चकत्यांपर्यंत खोलली. त्या लालसर होत्या. गंज असेल म्हणून बोटानं खरवडलं. गंज नव्हता, कुंकू होतं. वास घेतला, तर करडीचं खवट तेल.

"मिस्त्री, आत तेल कोण घालतं?"

"मीच. दसऱ्याला. बाप होता तवर वरूनच पूजा करायचा. तो गेला तवापासून मी हिला खोलून आतून-बाहेरून तेल घालतो. हळदी-कुंकू लावतो. बापानं जपली, आपुन जरा जास्तच जपावी."

मी बौद्ध. मी पूजेबद्दल बोललो तर ते कसं ऐकलं जाईल, हे मला ठाऊक होतं. पण न सांगून भागणार नव्हतं. पुढच्या खेपेला दगडू वाचलाच असता असं नाही.

"मिस्त्री, ब्रेक कोरडा लागतो. तेलानं तो निसटायलाय."

"तुमच्यात पूजा चालत न्हाई, म्हणून तर..."

"न्हाई. बैलगाडीच्या कण्याला वंगण घालता. जुवाला घालता का? बैलाच्या मानंवरून सटकंल. तसंच हे."

तो खाली बसला. चकत्यांकडे बघत म्हणाला, "म्हंजे हात नीट हाय. डोस्कं गेलं होतं. मेहुण्याला मीच मारत होतो की."

मी कामाला लागलो.

तेल प्यालेल्या चकत्या धुऊन उपयोग नसतो. ट्रकच्या क्लच प्लेटचं लायनिंग कापून नव्या केल्या. बाकी सगळं पेट्रोलनं धुतलं, उन्हात वाळवलं. तेच इंजिन पुन्हा टांगलं, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. खडूची खूण केली होती, ती केसभरही हलली नाही. कव्हरवर मी ऑइलपेंटनं लिहिलं, 'आत तेल नको'. केरबाला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याला तीनदा म्हणायला लावलं.

दोन दिवसांनी वालूरला मीही गेलो. दगडू विहिरीवर आला होता, पण लांब उभा.

"पुली दुरुस्त झाली आसंल, दाजी. पर मी न्हाई उतरनार."

"नको उतरू," केरबा म्हणाला. "तू वर थांब अन् साखळी वढ. मी जातो खाली."

आणि तो उतरलाही. दगडू साखळी ओढू लागला. इंजिन केरबाच्या डोक्याच्या वर गेलं, तसा खालून आवाज आला, "दगडू, साखळी सोड."

"दाजी, बाजूला व्हा आधी."

"सोड म्हणलं ना."

दगडूनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं दोन्ही हात साखळीवरून काढले. इंजिन तिथंच राहिलं. केरबा त्याच्याखाली उभा राहून वर बघत होता. किती वेळ, ते मी मोजलं नाही.

पुढची विहीर शेजारच्याच शेतात होती. तिथं तिवई उभी राहिली, तसा दगडूनं सदरा काढून बांधावर ठेवला आणि कुणी काही म्हणायच्या आत खाली उतरला.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं फिटरकी केली. वर्कशॉपमध्ये टेस्ट पास झाली की काम झालं, असं कामाच्या कार्डावर लिहीत आलो, कारण तसा नियम होता. पण काम झालं का नाही, हे वजनाखाली उभं राहणारा माणूस ठरवतो. त्याची सही कुठल्याच कार्डावर नसते.