कापसावरचे बाबा

आर्वीच्या डॉक्टरांनी बाबांची छाती तपासली आणि सांगितलं, बिडी सोडा, नाहीतर पुढच्या दिवाळीची खरेदी करू नका. इतका खवचट डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही. तेव्हा मी आठवीत होते. परतताना एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले.

बाबांनी बिडीऐवजी लवंग धरली. मग सुपारी, मग ओवा, मग गुळाचा खडा. एकेक करत सगळ्यांची सवय लागली आणि बिडीही राहिली. ओवा खाऊन ओढली की बिडीला चव येते, हा शोध त्यांचाच.

तेवढ्यात वेचणी आली. तेव्हा कापूस सरकार घ्यायचं, आणि खरेदी केंद्र उघडेपर्यंत आमच्या गावी, रोहण्यात, तो घरातच भरून ठेवत. माजघर आढ्यापर्यंत पांढरं व्हायचं, चूल अंगणात जायची. कापसाच्या घरात कुणी काडी ओढत नसे. पाहुणासुद्धा माचिस ओट्यावर ठेवून आत यायचा. बाबा हा नियम जिवापाड पाळत. एका सकाळी ते शिडी लावून ढिगावर चढले.

"आता मी खाली येत नाई," ते म्हणाले.

आईला वाटलं, उंदीर शोधत असतील. पण ते राहायलाच गेले होते. लोटा घेऊन बाहेर जाण्यापुरते उतरत, तेव्हा घरातली माचिस कमरेला खोचून आई मागोमाग. जेवण वर. न्हावीही वर चढला आणि मिशीत कापूस घेऊन उतरला. तलफ आली की बाबा कापसात तोंड खुपसून गावाला शिव्या घालत. आम्हाला नुसती पुटपुट ऐकू येई. हाताला चाळा म्हणून सरकी सोलत बसत.

मग केंद्र उघडलं. काका बैलबंडी घेऊन आले. कापूस उपसला जाऊ लागला तसे बाबा हळूहळू खाली आले. शेवटी बुडाखाली टोपलीभर उरला.

"दादा, उठा ना!"

"उठलो का ओढीन, बाप्पा."

काका हसले. मला हसू आलं नाही. अंगणातल्या चुलीला वैतागलेली आई काकांना म्हणाली, "तेवढा राहू द्या, भाऊजी."

त्याची तिनं सरकीसकट उशी शिवली. बाबा ती बगलेत मारूनच हिंडू लागले. लग्नात, कचेरीत, सगळीकडे तिच्यावरच बसत. कुणी बिडी पुढे केली की खाली बोट दाखवत, "कापूस हाय." एकदा एसटीत एवढ्यावर सगळ्यांनी बिड्या विझवल्या. उशी मेली टोचायची फार. पिंजून आणू का विचारलं, तर बाबा भडकले.

"पिंजली का नुसती उशी. मंग तिले कोन भ्यायचं?"

पुढच्या दिवाळीची खरेदी त्यांनी स्वतः केली, त्यानंतरच्याही कितीतरी. गेले ते तापानं. मी वर्ध्याहून, सासरहून, धावत आले. त्यांच्या जागेवर दिवा लावायचा होता. पणती ठेवायला वाकले तर आईनं हात धरला. उशी तिथंच होती.

"इकडे नको," ती म्हणाली. "कापूस हाय."