उस्ता शाझलीला पुसवेना अशी भिंत

उस्ता शाझली दाढी करून घ्यायला येताना दिसला की मी आधी दुकानातलं कॅलेंडर उलटं करतो. त्यावर एक घोडा आहे. मला आवडतो, गिऱ्हाइकांना आवडतो. शाझलीला त्याचे गुडघे खटकतात. "हे काढणाऱ्यानं घोडा नाही, खुर्ची पाहिलीय!" असं तो वस्तऱ्याखाली मान असताना ओरडतो, आणि मग गाल कापला की खापर न्हाव्यावर, म्हणजे माझ्यावर.

शाझली भिंती रंगवतो, म्हणून सगळे त्याला उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणतात. नाईलच्या आमच्या काठावर कुणी हजला गेलं की ते परतायच्या आत घराच्या दर्शनी भिंतीवर त्याची यात्रा उतरवावी लागते. काबा, विमान, उंट, हात वर केलेला यात्रेकरू. हाजी कोऱ्या भिंतीच्या घरात शिरला तर पोरांची शोभा होते. त्यामुळे शाझलीला काम भरपूर. पण स्वतःच्या कामाबद्दल विचारलं तर तो हात झटकतो. बोलतो ते दुसऱ्यांच्या चित्रांबद्दल. चहाच्या पुड्यावरची बदकं कुणी काढली असतील, पहिलीच्या पुस्तकातली कोंबडी कुणावर एवढी चिडलीय, यावर त्याला कितीही वेळ पुरत नाही. त्याची बायको म्हणते, "त्या कोंबडीकडे बघतो तसं माझ्याकडे एकदा बघितलं असतं, तर मीसुद्धा अंडी दिली असती."

या सगळ्यांच्या वर मुअल्लिम, म्हणजे थोरला उस्ताद, कनावी. शाझली पोरसवदा होता तेव्हा गावातल्या भिंती कनावी रंगवायचा. तो गेला, आणि त्याच्या भिंतीही एकेक करून ढासळल्या किंवा चुन्याखाली गेल्या. उरली फक्त वहीबाच्या घराची. त्यावर वहीबाच्या बापाची, हाजी सुलैमची, यात्रा आहे. त्या काळी लोक बोटीनं जायचे. कनावीनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता, म्हणून त्याच्या समुद्राला दोन्ही काठांना लव्हाळं आहे आणि एक बगळाही उभा आहे. बोटीचा धूर एकीकडे, झेंडा दुसरीकडे.

"वारा दोन जातीचा होता का रे?" मी एकदा विचारलं. त्यावर शाझली दाढी वाढवून हिंडला, पण माझ्या दुकानाची पायरी चढला नाही. शेवटी खाज सुटली तेव्हा आला.

"धूर मागे जातो, कारण गाव मागे राहिलं," तो म्हणाला. "झेंडा पुढे, कारण देवाचं घर पुढे. तुला काय कळणार! आणि मासे बघ. एकूणएक मासा बोटीकडे बघतोय. एकाचाही डोळा त्यानं कंटाळून काढलेला नाही. मला मासे काढताना दुसऱ्या माशालाच चहाची आठवण होते."

यंदा वहीबा हजला गेली आणि तिच्या मुलानं, बरकातनं, शाझलीच्या हातात चुन्याची बादली दिली.

"जुनं सगळं पुसा, उस्ता. मोठं विमान काढा. सगळ्या खिडक्या दिसल्या पाहिजेत."

शाझलीचा चेहरा चुन्याहून पांढरा. "बाजूच्या भिंतीवर काढतो की."

"तिथे म्हैस असते. माझ्या आईची यात्रा म्हशीच्या शेपटीखाली?"

मग सुरू झाली टोलवाटोलवी. आज वारा फार. आज ब्रश ताठरलाय. आज चुना नीट भिजला नाही. शाझली भिंतीसमोर तिवई टाकून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून मासे दाखवायचा. पोस्टमन तर रस्ता बदलून जाऊ लागला.

"उस्ता, आई उद्या येतेय," बरकात शेवटी कडाडला. "भिंत झाली नाही तर विमान तुमच्या टकलावर काढीन!"

आता मात्र मला हसू येईना. हज करून येणाऱ्या बाईच्या, हाज्जाच्या घराची शोभा केली तर पुढे शाझलीला या काठावर कुणी भिंत देणार नाही. मी त्याला म्हटलं, "डोळे मीट आणि मार एक हात. संपलं."

त्यानं ब्रश बुडवला, उचलला, बोटीपर्यंत नेला आणि खाली ठेवला. मग चारचौघांत रडला. मलाही भरून आलं, म्हणून मी त्याला शिव्या दिल्या.

"तू जा," तो म्हणाला. "मी बघतो काय ते."

सकाळी ढोल वाजवत आम्ही पोचलो, तर भिंत जशीच्या तशी. फक्त डेकवर, हाजी सुलैमच्या शेजारी, पांढऱ्या कपड्यातली एक छोटी बाई नव्यानं उभी होती.

"बोटीत?" बरकात किंचाळला. "लोक म्हणतील पोरानं कंजूषपणा केला, आईला बोटीत कोंबली!" तो चुन्याची बादली घेऊन धावला, आणि तेवढ्यात मोटार आली.

वहीबा उतरली. ती कुणाच्या गळ्यात पडली नाही, सरळ भिंतीपाशी गेली. शाझली माझ्या मागे लपायला बघत होता. मी दोन पावलं बाजूला सरकलो.

"हे तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"काय, हाज्जा?"

"बा निघाला तेव्हा मी एवढीशी होते. मला पण ने म्हणून बंदराला जाणाऱ्या मोटारीमागे धावले, कालव्यापर्यंत. ही गोष्ट आता कुणाला ठाऊक नाही."

"मला कोण सांगणार?" शाझली चाचरला. "बोटीत माणसं खच्चून भरलीत. पण तुमच्या बाच्या शेजारी कनावीनं एका माणसापुरती जागा मोकळी ठेवली होती. मला वाटायचं, चुकला असेल. त्याची ती एकच चूक मी कधी कुणाला दाखवली नाही. काल दुसरीकडे जागाच नव्हती, म्हणून तुम्हाला तिथे उभं केलं."

वहीबानं त्या छोट्या बाईवरून बोट फिरवलं. रंग अजून ओला होता, तो बोटाला लागला.

"चुकला नव्हता तो," ती म्हणाली. "कालव्यापासून मला कडेवर घेऊन घरी आणणारा कनावीच होता."