हसुरामनानांचे सत्कार

हसुरामनानांनी माझा सत्कार केला, तेव्हा त्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं. मी कामोठ्याच्या शाळेत नुकताच गणिताचा मास्तर म्हणून लागलो होतो आणि रविवारी कोन गावात टेनिस बॉलचे सामने बघायला गेलो होतो. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात मैदान, कडेला मांडव, मांडवात माइकपुढे एक पांढरी टोपी. चौथ्या षटकात ती टोपी माझ्याकडे वळली. "गाव?" मी म्हणालो, "कामोठे." लगेच माइक घुमला, "मंडली, कामोठ्यावरशी खास आपले सामने बघाला आलेले मान्यवर. सामना दोन मिन्टं थांबल. शाल-श्रीफल आना." खेळपट्टीवर उभं करून मला शाल पांघरली, फोटो काढले. नारळ घेऊन परत आलो, तर नाना जागेवर नव्हते. किती गुणग्राहक गाव आहे, असं मी घरी बायकोला सांगितलं.

पुढच्या वर्षी मी नानांच्या शेजारी बसून धावफलक लिहू लागलो आणि या गुणग्राहकतेचं मूळ कळलं. नानांना लघवीला लागली की मैदानात कुणाचा तरी सत्कार व्हायचा. शाल, नारळ, फोटो यांत चार मिनिटं सहज जातात. तेवढ्यात नाना मांडवामागच्या कुडापलीकडे जाऊन यायचे. चालू सामन्यात माइक सोडणं त्यांना पाप वाटे. "समालोचक उटला का सामना मुका झाला," असं त्यांचं म्हणणं. आणि ते बोलायला लागले की सामना खरोखरच बोलायचा. "चेंडू गेला, गेला, पार नारलीच्या बुडाशी गेला. आता तो चेंडू नाय, पावना झाला."

सुरुवातीला सामन्याला एक सत्कार पुरे. मग दोन झाले. चौथ्या वर्षी दर तिसऱ्या षटकाला शाल लागू लागली. सरपंच झाले, माजी सरपंच झाले, दोघांचे व्याही झाले. गोळेवाला झाला. शून्यावर बाद झालेला एक फलंदाज मान खाली घालून परतत होता, त्याला वाटेत गाठून शाल घातली. मैदानात म्हैस शिरली, तेव्हा ती हाकलायला आलेल्या मालकाचा सत्कार झाला.

शेवटी सामने भरवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष जगदीश येऊन म्हणाला, "नाना, सामने अंधारात जातान. फायनलला रोडपालीचा समालोचक बोलवू. तो शायरी पन करतो."

 नानांनी खांद्यावरच्या पंच्याने माइक दोनदा पुसला. जगदीश गेल्यावर मला म्हणाले, "मास्तर, हायवेला जमीन गेली तवा मी रडलो नाय. माइक गेला तर मना कोन वलखल?"

मी म्हणालो, डॉक्टरांकडे चला. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "मशीन चालू हाय तवर खोलाची नाय." साडूचं याच दुखण्याचं ऑपरेशन झालं होतं, त्याची धास्ती त्यांनी घेतली होती. पण फायनलला पाच आठवडे उरले होते. मी त्यांना पनवेलला घेऊन गेलो. दवाखान्यात डॉक्टर म्हणून त्यांच्या मुलीच्या वयाची बाई समोर आली, तेव्हा नानांनी, मीच त्यांना धावबाद केलं असावं, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

"काका, लघवीला किती वेळा जावं लागतं?"

"दर तिसऱ्या ओवरला."

"आणि धार कशी आहे?"

"पयला सिक्सर जायचा बाय. आता पायाशीच पडतो. झाला बोलून परतावा, तर पुन्ना अपील."

बाईंनी हसू दाबून तपासलं. रक्त, लघवी, सोनोग्राफी करायला लावली. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "पुरुषांना प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. वयाबरोबर ती वाढते आणि लघवीची वाट आवळते. तुमच्या रिपोर्टमध्ये काळजीचं काही नाही. ऑपरेशन आत्ता नको, गोळीने भागेल. दुसरं काही औषध घेता?"

नानांनी खिशातून सर्दीच्या गोळ्यांची पट्टी काढली. मैदानातल्या धुळीने घसा बसू नये म्हणून ते सामन्याआधी एक आणि जेवणानंतर एक गोळी घ्यायचे, शिवाय दिवसभर कोरा चहा. बाईंनी कपाळाला हात लावला. "काका, या गोळीने ती वाट आणखी आवळते. आणि वरून तुम्ही चहा ओतताय."

नाना पट्टीकडे बघत राहिले. "म्हंजे वरचा गला उगडला न खालचा मीच बांदला?"

सर्दीच्या गोळ्या बंद झाल्या, चहा दोन कपांवर आला, घशासाठी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या ठरल्या. रोज जेवणानंतर एक नवी गोळी. "या गोळीने चक्कर येते, एकदम उठायचं नाही," असं बाईंनी तीनदा बजावलं.

जगदीशला विनवून मी फायनलचा पहिला डाव नानांना मिळवून दिला. तिसरं षटक आलं. शालवाला घडी उलगडून तयार होता. नाना बोलत राहिले. सहावं षटक आलं. कडक इस्त्रीचे चार पाहुणे केस विंचरून उभे होते, नानांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी त्यांच्याच तोंडाकडे बघत बसल्याने दोन धावा लिहायच्या राहिल्या. आठ षटकं संपली. जगदीश स्वतः येऊन म्हणाला, "नाना, दुसरा डाव पन तुमीच घ्या." रोडपालीचा समालोचक शायरी खिशात ठेवून जेवायला गेला.

सामना संपल्यावर नानांनी माइक हातात घेतला. "मंडली, चार वर्सात ज्यांना ज्यांना शाल भेटली, त्यांनी माफी करा. तो सत्कार तुमच्यामुले नाय, माज्या लगवीमुले झाला."

 तोच मागून म्हशीचा मालक उठला. "नाना, शाल परत भेटनार नाय." त्यानंतर पाच मिनिटं कुणाला काही ऐकू आलं नाही, एवढं हसू लोटलं.

"हसताव काय," नाना म्हणाले. "पन्नाशीच्या पुडं गेलेले किती जन त्या कुडामागं मना भेटतान, नावं घेऊ काय? डॉक्टरीन बायकरं जा. लाजू नका." पुढच्या आठवड्यात कोनचे तिघे तिथे एकमेकांना भेटले, असं मी नंतर ऐकलं.

मग ते माझ्याकडे वळले. "मास्तर, उबा रा. तुजा सत्कार मी केला, पन पायला नाय. चार वर्सात एक बी सत्कार मी पायला नाय."

एवढं बोलून ते ताडकन उठले, शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि तसेच माझ्या अंगावर कलले. मी त्यांना घट्ट धरलं. नानांना भरून आलं असं लोकांना वाटलं, आणि टाळ्या-शिट्ट्यांनी मांडव दणाणला.

"डॉक्टरीन बाय बोलली व्हती, हलू उट," नाना माझ्या कानात पुटपुटले. "सोडू नको."

मी सोडलं नाही. भरून मला आलं होतं. टाळ्या थांबेपर्यंत आम्ही तसेच उभे राहिलो, आणि तोवर त्यांची चक्करही उतरली.