का-ताई आणि घड्याळवाल्या काकांची गाठ

प्रयोगशाळेत तिला सगळे का-ताई म्हणायचे. कुणी काही सांगितलं की तिचा पहिला शब्द ‘का?’ लग्नाच्या बोलणीच्या वेळी सासऱ्यांनाही तिनं तसंच गप्प केलं होतं म्हणे.

तिच्याकडे कॅन्सरच्या गाठीचा तुकडा यायचा. तो बारीक चिरून, पेशी सुट्या करून ती खळग्याखळग्यांच्या प्लेटमध्ये वाढवायची आणि खळग्यागणिक केमोचं वेगळं औषध घालायची. मग निळा रंग. मेलेल्या पेशी तो शोषून घेतात, जिवंत पेशी दारातच अडवतात. पेशी कुठल्या औषधाला दाद देतात ते त्यावरून कळायचं. ज्यांची गाठ, ती माणसं मात्र तिला कधी दिसत नसत.

एकदा हे तुकडे पाठवणाऱ्या डॉक्टरबाई पेशंटलाच घेऊन आल्या. घड्याळं दुरुस्त करणारे काका, सोबत सून.

“यांना स्वतःची गाठ बघायचीय. मी नाही म्हणून दमले,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“माझ्या पोटात फुकट राहतायत,” काका म्हणाले, “तोंडं तरी बघू द्या.”

सवयीनं एक डोळा मिटून ते सूक्ष्मदर्शकावर वाकले.

“दोन्ही उघडे ठेवा, काका.”

त्यांनी दुसराही डोळा उघडला. सुनेनं खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी हलकेच थोपटला.

“या निळ्या?”

“मेलेल्या. या औषधानं थोड्याच मेल्या. आता हा दुसरा खळगा बघा.”

“इथं तर सगळं निळंच! असं का हो?”

“ते नाही माहीत मला,” का-ताई म्हणाली.

“मलाही पुरतं नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आणि प्लेटमध्ये झालं ते पोटात होईलच असंही नाही. पण सुरुवात या दुसऱ्यानं करू.”

त्या औषधानं काका पार गळून गेले. का-ताई पहिल्यांदाच वॉर्डात कुणाला भेटायला गेली. काकांनी उशाचं घड्याळ उघडून तिला आतली चाकं दाखवली. तिच्या प्रश्नांनी शेजारचा पेशंट वैतागला, काकांना मात्र तरतरी आली.

पुढच्या तपासणीत गाठ निम्म्यानं आटलेली दिसली. “निम्मीच का?” ती डॉक्टरबाईंच्या मागेच लागली.

उरलेली गाठ शस्त्रक्रियेनं काढली. त्या गाठीचा तुकडा त्याच दिवशी का-ताईच्या टेबलावर आला, आणि काका सकाळच्या वेळी दुकानात बसू लागेपर्यंत त्यातल्या पेशी प्लेटमध्ये वाढल्या. तिनं तेच औषध घालून पाहिलं. उरलेल्या पेशी आता त्याला भीक घालत नव्हत्या. निळं जवळजवळ काहीच नव्हतं. अशीच एखादी काकांच्या पोटात राहून गेली असेल तर?

तिनं डॉक्टरबाईंना फोन लावला आणि दुसऱ्या हातानं इतर औषधांसाठी नवी प्लेट पुढे ओढली.