काकांच्या चेहऱ्यावरचं तेज

"तुम्ही स्वतः पाहिलं का?" हे आमच्या काकांचं वाक्य. कुणी सांगावं, गारखेड्यात काल बिबट्या फिरत होता. काका चष्मा कपाळावर ढकलून विचारणार, "तुम्ही स्वतः पाहिलं का?" सांगणारा म्हणायचा, मेव्हण्यानं पाहिलं. "मग मेव्हण्यालाच पाठवा," म्हणून काका चालू लागायचे.

जन्मभर सरकारी मोजणीदार. म्हणजे शेतांच्या हद्दी मोजायच्या आणि भावाभावांच्या भांडणात मधे उभं राहायचं. त्यामुळं ऐकीव गोष्टीवर विश्वास शून्य, आणि स्वतःच्या पायांवर भारी भरवसा. निवृत्त झाले तरी भाजी आणायला त्यांनी कधी रिक्षा केली नाही. तुमच्याही कॉलनीत असा एखादा असेलच, ज्याला चालताना बघून आपल्याला आपल्या पोटाची लाज वाटते. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो आणि कॉलेजात मराठी शिकवतो, म्हणजे बोलण्याचा पगार घेतो. घरी आल्यावरही तोंड बंद होत नाही. पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

आमच्या आवारात गणपतीचं छोटं देऊळ आहे. मंगळवारच्या आरतीला काका यायचे ते काकूंच्या धाकानं. एकदा मंत्रपुष्पांजलीला सगळ्यांनी डोळे मिटले. मी नेहमीप्रमाणं प्रसादाकडं बघत होतो, म्हणून मला दिसलं. काका डोळे मिटून, हात जोडून डुलत होते. पुढं, मागं, वाऱ्यावर ज्वारीचं कणीस डुलावं तसे.

आरती संपल्यावर मी म्हणालो, "काय काका, आज थेट वरून फोन आला वाटतं."

सगळे हसले. सोसायटीचे सेक्रेटरी तेवढे हसले नाहीत. सेक्रेटरी पैठणकडचे, घरची बागायत, पडेगावला प्लॉटिंगचा धंदा, माणूस भाविक. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, थट्टा नका करू. आमच्या आजोबाचं असंच व्हायचं. ही साधी गोष्ट नाय."

पुढच्या मंगळवारी निम्मी सोसायटी डोळे उघडे ठेवून आरतीला उभी होती. काका डुलले. एका बाईनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अहो बाई, मी मोजणीदार आहे, महाराज नाही," काका म्हणाले. पण लोकांना आता जे दिसायचं ते दिसायला लागलं होतं. काकांचा रंग मूळचा गव्हाळ. तो उतरत उतरत लिंबाच्या सालीसारखा झाला. लोक म्हणाले, तेज आलं. जिना चढताना काका मधेच कठड्याला टेकून उभे राहायचे, ओठ हलायचे. लोक म्हणाले, नाम चालू आहे. मी जवळून गेलो तेव्हा मला नुसती धाप ऐकू आली. पण माझं ऐकतो कोण? वरून फोन आल्याचं मीच सांगितलं होतं.

काकू एकदा दारात म्हणाल्या, "ठेच्याला हात लावत नाहीत आताशा. जीभ जळते म्हणतात. जेवणावरची वासनाच गेली."

"विरक्ती, काकू. लई वर गेले ते," सेक्रेटरी म्हणाले.

मी शहाण्यासारखं बीट आणि खजूर सुचवून आलो. अशक्तपणावर माझ्याकडं एवढंच औषध आहे, आणि ते मी कुणालाही देतो.

एका संध्याकाळी काका स्वतःच खाली आले. चहा हातात धरून बसले, प्यायले नाहीत. मग दाराकडं बघून हळूच म्हणाले, "सर, एक विचारू? हसू नका. मला पायाखाली काही लागत नाही. फरशी लागत नाही, माती लागत नाही. गादीवरून चालल्यासारखं वाटतं. चप्पल पायात आहे का गेली, ते वाकून बघावं लागतं." कपाकडं बघत ते म्हणाले, "लोक म्हणतात तसं काही असेल का हे?"

आयुष्यभर पुरावा मागणारा माणूस मला हे विचारत होता. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, आणि भीतीच्या आड थोडी आशाही होती. अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी म्हणालो, "आता तुमचे पाय जमिनीला लागायचे नाहीत काका, तुम्ही पोचलात."

ते हसले नाहीत. चहा तसाच ठेवून उठले, आणि जाताना भिंतीला हात लावत लावत गेले.

श्रावणात आपल्याकडं शनिवारी पायी खुलताबादच्या मारुतीला जातात. काका दर वर्षी जायचे. म्हणायचे, देवासाठी नाही, पायांसाठी. त्या वर्षी सेक्रेटरींनी अख्खा जथा जमवला, काकांना पुढं घातलं आणि आम्ही पहाटेच निघालो. मी काकांच्या मागं होतो. ते पाऊल आपटत चालत होते, जिन्याची पायरी संपली तरी आणखी एक आहे असं समजून पाय टाकावा तसे. चष्मा रस्त्यावर रोखलेला.

पडेगावला उजाडलं. तेव्हा दिसलं की त्यांच्या डाव्या पायात चप्पल नाही. ती कधी गळाली, कुणालाच ठाऊक नव्हतं. मग मागं बघितलं तर डांबरी रस्त्यावर लाल ठसे. एकामागं एक, दूरपर्यंत.

काकाही वळले. रस्त्याकडं बघत म्हणाले, "हे रक्त कुणाचं?"

एका माणसानं वाकून ठशावर बोट टेकवलं आणि कपाळाला लावलं. मग दुसऱ्यानं. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भक्तीचा नव्हता.

"आता थांबायचं नाय," सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाले. "काकाला मारुतीपर्यंत न्यायचं. खांद्यावर न्यायचं."

काका रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. पाय मांडीवर घेऊन त्यांनी तळवा बघितला. बाटलीच्या काचेचा तुकडा रुतला होता. त्यांनी तो बोटानं दाबला. आणखी दाबला. बघणाऱ्यांपैकी एकजण कळवळला. काकांच्या चेहऱ्यावर काही नाही.

"सर," ते म्हणाले, "ही काच आहे. आणि मला कळत नाही. रिक्षा बघा."

"काका, असं अर्ध्यातून..." सेक्रेटरी म्हणाले.

"तुम्ही या जाऊन. माझा नमस्कार सांगा."

दवाखान्यात टाके घालणारी डॉक्टर मुलीच्या वयाची होती. टाके घालताना काका छताचा पंखा बघत होते. तिनं त्यांच्या तोंडाकडं एकदा बघितलं, मग डोळ्याची पापणी खाली ओढली, जीभ बाहेर काढायला लावली. जीभ लालभडक आणि काचेसारखी गुळगुळीत.

"काका, उभे राहा. पाय जुळवा. आता डोळे मिटा."

काकांनी डोळे मिटले आणि सरळ माझ्या अंगावर आले.

"असं आधी कधी झालं होतं?" तिनं मला विचारलं.

"आरतीत होतं," मी म्हणालो. "आम्ही त्याला तल्लीन होणं म्हणतो."

तिनं माझ्याकडं जे बघितलं, ते मी अजून विसरलो नाही.

रक्त तपासलं, पुन्हा तपासलं, एक तपासणी बाहेरगावी पाठवली. मग तिनं आम्हाला समोर बसवून सांगितलं. शरीरात बी-बारा उरलेलंच नाही. ते पोटातून उचलून घ्यायला एक पदार्थ लागतो, आणि काकांचं शरीर स्वतःच तो पदार्थ मारून टाकतंय. या आजाराला पर्निशस ॲनिमिया म्हणतात. मी बिटाचं नाव काढलं.

"बीट तुम्ही खा," ती म्हणाली. "यांनी काहीही खाल्लं तरी ते लागू होणार नाही. इंजेक्शनं घ्यायची. आधी भरभर, मग महिन्याला एक. कायमची."

"आणि पाय?" काकांनी विचारलं.

तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं. "रक्त भरून येईल, त्याची काळजी नको. नसांना मात्र बरीच इजा झालीय. आहे तेवढं वाचवू. गेलेलं किती परत येईल, ते आत्ता नाही सांगता येणार. लवकर यायला हवं होतं."

घरी गेल्यावर मी शब्दकोशात 'पर्निशस' या शब्दाचा अर्थ बघितला. घातक. काकांना सांगितलं नाही. रिक्षात येताना ते एकच वाक्य बोलले होते, "हद्द चुकली तर फेरमोजणीचा अर्ज करता येतो, सर. हे तसं दिसत नाही."

इंजेक्शनं लागू पडली. काकांचा गव्हाळ रंग परत आला, धाप गेली. काकूंनी आनंदानं ठेचा केला आणि काकांनी तो भाकरीशी खाल्ला. सेक्रेटरी मला जिन्यात अडवून म्हणाले, "सुया टोचून तेज घालवलं सर तुम्ही लोकांनी." आरतीची गर्दी ओसरली. काका देवळाच्या खांबाला धरून, डोळे टक्क उघडे ठेवून उभे राहायचे. नजर देवाकडं नसायची. खाली, पावलांवर.

पायांचं काही हलेना. बघितल्याशिवाय ते पाऊल टाकू शकत नव्हते. एका संध्याकाळी लाईट गेली आणि जिन्यातून आवाज आला, अगदी शांत, "सर, जरा येता का?" मी मोबाईलचा उजेड घेऊन गेलो. काका दोन मजल्यांच्या मधे, दोन्ही हातांनी कठडा धरून उभे होते. घामानं सदरा भिजला होता.

"पाय कुठं आहेत ते दिसत नाहीत," ते म्हणाले.

मी उजेड खाली त्यांच्या पावलांवर धरला. ती दिसल्यावर मगच त्यांनी श्वास सोडला.

अखेर काकांच्या मुलानं पुण्याला तळमजल्यावर घर घेतलं. जायच्या दिवशी काकांना धरून गाडीत बसवलं, पाय अजून दाराबाहेर होते. सोसायटीतले बरेच जण आले, सेक्रेटरीही आले, आणि त्यांनी डोळे पुसले. मी कधी कुणाच्या पाया पडत नाही, काकांना ते ठाऊक होतं. तरी मी वाकलो. मनात खोडीच होती म्हणा, किंवा आशा. नमस्काराच्या आडोशानं मी त्यांच्या अंगठ्याला चिमटा काढला. चांगला, नख रुतेल असा.

वर काका ड्रायव्हरला विचारत होते, नगरपर्यंत रस्ता कसा आहे, कुठं खोदलाय का.

मी हात काढला. अंगठ्यावर नखाची कोर उमटली होती. आधी ती पांढरी होती, मग हळूहळू लाल होत गेली. रक्त छान भरून आलं होतं.